स्टिअरिंगचा हात

वापीहून सिल्वासास जाणारा रस्ता आज मालमोटारींनी गजबजलेला असतो. दादरा व नगर हवेलीचा हा मुलूख 2 ऑगस्ट 1954 रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्या मोहिमेत सुधीर फडके यांच्यासारखे संगीतकारही जीव धोक्यात घालून उतरले होते, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. शेतीवर आणि रानावर जगणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया लोकांच्या या प्रदेशात पुढे सूत व प्लास्टिक यांचे कारखाने आले, आणि कारखान्यांमागून दोन तऱ्हांची वाहने आली. एक, सूत लादून भिवंडीच्या मागांकडे निघालेली मालमोटार. दुसरे, कारखानदाराची भारी, बंद काचांची मोटार. सिल्वासा मागे टाकून खानवेलच्या दिशेने निघाले की रस्ता डोंगराळ भागात शिरतो, आणि पावसाळ्यात त्या वळणांवर मोटारीचे मोल तिच्या गादीवरून ठरत नाही. ते ठरते चालविणाऱ्याच्या तळहातास रस्त्याची वार्ता किती लागते यावरून.

ही वार्ता हाताशी आणणारे साधन म्हणजे स्टिअरिंग. त्याला शक्तीची जोड देण्याची कल्पना ज्याला सुचली तो श्रीमंतांच्या गाड्यांचा नव्हे, तर मालमोटारींचा अभियंता होता. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन गृहस्थ पिअर्स-ॲरो या प्रख्यात कंपनीच्या मालमोटार विभागात मुख्य अभियंता होता. भरलेल्या मालमोटारीचे चाक वळविताना माणसाच्या खांद्यांचे काय होते ते त्याने पाहिले होते. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे लहानसे दुकान थाटले, आणि तेथे तयार केलेली यंत्रणा पिअर्स-ॲरोच्याच एका मोटारीवर बसवून 1926 मध्ये डेट्रॉइटच्या कारखानदारांपुढे फिरवून दाखविली. जनरल मोटर्सने त्याच्याशी करारही केला. परंतु मंदी आली, खर्चाचे गणित जमेना, आणि 1934 मध्ये तो करार संपला. मग बेंडिक्स कंपनीने त्याला आश्रय दिला. खरी मागणी आली ती महायुद्धात, चिलखती आणि अवजड लष्करी गाड्यांसाठी. शांतता झाल्यावर डेव्हिसच्या मूळ पेटंटांची मुदत संपलेली होती. क्रायस्लर कंपनीने त्याच कल्पनेच्या आधाराने 1951 मध्ये आपल्या ‘इम्पीरियल’ या राजेशाही मोटारीवर शक्तिचलित स्टिअरिंग विक्रीस आणले, तेव्हा जनरल मोटर्सलाही जाग आली आणि 1952 च्या कॅडिलॅकवर ते दिसू लागले. मालमोटारवाल्याच्या खांद्यांसाठी निघालेली ही युक्ती प्रथम दिवाणखान्यात पोचली, यात नवल वाटण्याचे कारण नाही. पुष्कळशा युक्त्यांचा प्रवास असाच होतो.

डेव्हिसच्या युक्तीचे मर्म त्याच्या झडपेत होते. पंपातून निघालेले तेल सदैव वाहतेच राहावयाचे. चाक सरळ असेतो त्याच्यावर फारसा दाब नाही. चालकाने चाक फिरविले की झडप किंचित सरकते, एका बाजूची वाट आखडते, त्या बाजूस दाब चढतो आणि तेलच चाकांना ढकलू लागते. पुढे या झडपेच्या पोटात एक बारीक पोलादी दांडी आली. हाताचा जोर पडला की ती दांडी पिळवटते, आणि जेवढा पीळ तेवढी झडप उघडते. दांडी जाड केली तर हाताला जड लागते, बारीक केली तर हलके. भारी मोटारीच्या स्टिअरिंगच्या ‘हाता’विषयीचा सारा वाद पुष्कळ अंशी या बोटभर दांडीचा वाद आहे.

आरंभीच्या अमेरिकन कारखानदारांनी ही दांडी आणि झडप शक्य तितकी हलकी ठेवली. एका बोटाने अजस्र मोटार वळविता येते, ही त्या काळची मोठी जाहिरात होती. परंतु थोड्याच दिवसांत जाणत्या चालकांची कुरकुर सुरू झाली: चाक फिरते खरे, पण पलीकडे काही आहे असे वाटत नाही, लोण्यात चमचा फिरविल्यासारखे होते. ही तक्रार केवळ शौकिनांची म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती.

याचे कारण टायरमध्ये आहे. मोटार वळणावर असताना पुढच्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पिळला जातो, आणि तो पीळ चाकाला पुन्हा सरळ करू पाहतो. तोच ओढा स्टिअरिंगमधून हातास जाणवतो. वळण जसे कठीण होते तसा ओढा वाढतो. परंतु टायरची पकड सुटण्याच्या जरा आधीच तो कमी होऊ लागतो. हात एकाएकी हलका पडतो. ज्याने हा इशारा ओळखला तो पाय वेळीच उचलतो. ओल्या डांबरावर, लाल मातीचा चिखल वाहून आलेल्या वळणावर हा क्षणाचा इशारा फार मोलाचा असतो. एका बोटाने फिरणाऱ्या स्टिअरिंगमध्ये आधीच सारे हलके. त्यात आणखी हलके झालेले कोणास कळावे?

तेव्हा गमावलेला स्पर्श परत आणण्याचे प्रयोग सुरू झाले. कोणी झडपेच्या टोकास तेलाचाच उलटा दाब दिला, म्हणजे चाकांवरील जोराचा काही हिस्सा हाताशी परतावा. फ्रेंच सित्रोएन कंपनीने 1970 च्या ‘एस एम’ या मोटारीत निराळाच धाडसी मार्ग धरला. तिचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दोन फेऱ्यांचे. इंजिन चालू असेल तर उभ्या मोटारीतही हात सोडताच ते आपोआप मधे येई, आणि वेग वाढेल तसे ते यंत्राच्याच योजनेने जड होई. कल्पना अपूर्व होती. परंतु हाताला लागणारा तो जडपणा टायरकडून आलेला नव्हता, तो यंत्राने वेगाकडे पाहून घडविलेला होता. पुढे जर्मन कारखान्यांनी मध्यम मार्ग काढला. गाडी लावताना तेलाचे साहाय्य भरपूर आणि हमरस्त्यावर बेताचे, अशी व्यवस्था 1980 नंतरच्या भारी मोटारींत आली, व बहुतेकांस ती मानवली.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध दोनदा येतो. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा करार क्रायस्लरशीच होता, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून त्या घराण्यातील मोटारी बाहेर पडत असत. तथापि आपल्या रस्त्यांवर ज्या मोटारींनी पुढे राज्य केले त्या फियाट आणि ॲम्बॅसिडर दंडाच्या जोरावरच वळत राहिल्या. 1990 नंतर मात्र वारे फिरले. पुण्यात तयार झालेल्या 1992 च्या टाटा इस्टेटला शक्तीचे स्टिअरिंग मिळाले. 1994 मध्ये स्थापन झालेल्या मर्सिडीज-बेंझच्या हिंदी कंपनीने 1995 मध्ये पिंपरीत ‘ई’ वर्गाची मोटार जुळवून बाहेर आणली. 2009 पासून हा कारखाना चाकणला गेला. पिंपरीच्या त्या पहिल्या मोटारी मध्यंतरी जुन्या झाल्या, हात बदलत लहान गावांच्या हौशी मालकांकडे पोचल्या, आणि त्यांच्या स्टिअरिंगचा हात सुधारणे हा गॅरेजांपुढचा एक नाजूक प्रश्न होऊन बसला.

या मोटारीच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये फिरत्या गोळ्यांचा पेच असतो. तो मजबूत, खाचखळग्यांचा धक्का हातापर्यंत न पोचविणारा. परंतु मधोमध झिजला म्हणजे चाक बोटभर फिरवूनही गाडी दिशा बदलत नाही. ‘प्ले आला’, असे मिस्त्री म्हणतो, आणि बॉक्सवरचा स्क्रू आवळावयास धावतो. येथेच घात होतो. हा बॉक्स मधल्या जागी सर्वांत घट्ट बसेल असाच घडविलेला असतो आणि मधेच तो सर्वाधिक झिजतो. मधला ढिलेपणा घालविण्यासाठी आवळावे, तर कडेच्या न झिजलेल्या भागात तो अडकू लागतो. वळणानंतर चाक आपसूक परत येईनासे होते. ढिले स्टिअरिंग त्रासदायक खरे, पण परत न येणारे त्याहून वाईट.

म्हणून शहाणा कारागीर स्क्रूला शेवटी हात लावतो. आधी टायरची हवा आणि टायरची जात पाहावयाची. मग टायरॉडचे सांधे, दांड्याचे रबरी जोड, मधल्या आधाराचे बुश, धक्के गिळणारा डॅम्पर. ऑइल कमी आहे काय, पंपाचा पट्टा सैल आहे काय, याचाही तपास हवा. त्यानंतर चाकांची मांडणी, विशेषतः कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडूनही ती सरळ चालते. मोटारीतील तोच कल म्हणजे कॅस्टर. तो वाढविला तर हाताला अर्थ येतो, पण चाक जड होते. शक्तीची जोड नसलेल्या मोटारीत तो म्हणूनच बेताने द्यावा लागे. तेलाने भार उचलल्यावर या मर्सिडीजच्या रचनाकारांनी तो सढळ हाताने दिला. शक्तीने स्पर्श हिरावला, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

तेलाची जागा आता विजेने घेतली आहे. 1988 मध्ये सुझुकीने आपल्या चिमुकल्या ‘सर्व्हो’ मोटारीवर विजेचे स्टिअरिंग बसविले, म्हणजे या खेपेस नवी युक्ती गरिबाघरून श्रीमंताघरी गेली. मर्सिडीजच्या ‘एस’ वर्गात ती 2013 मध्ये आली. विजेची मोटर इंधन वाचविते, गाडी लावण्यास मदत करते. परंतु हाताला काय लागावे हे आता गणकयंत्र ठरविते. कळ दाबली की हात जड, पुन्हा दाबली की हलका. जडपणा म्हणजे स्पर्श नव्हे, हे मात्र कळ दाबून कळत नाही. चांगल्या रचनाकारांनी गेल्या काही वर्षांत यंत्रातील घर्षण घटवून टायरचा खरा निरोप वर येऊ देण्याकडे लक्ष दिले आहे, आणि तीच दिशा बरोबर दिसते.

शक्ती बंद पडली तर काय, याचाही विचार नियमांनी केला आहे. मोटारींसाठी युरोपात मान्य असलेल्या नियमाप्रमाणे यंत्रणा धड असताना ठरावीक वळण घेण्यास सुमारे 15 किलो भाराहून अधिक जोर लागता कामा नये, आणि बिघडली असता सुमारे 30 किलोपर्यंत. दणकट माणसाला ते जमेल. वृद्धाला किंवा दुबळ्याला वळणाच्या मध्यावर ते अवघड आहे. पट्टा करकरू लागला किंवा पंप कण्हू लागला, तर ती दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलू नये, ते याचसाठी.

आणि मालमोटारवाला? त्याची पाळी उशिरा आली. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक या, संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास ठाऊक असलेल्या गावी, जर्मन झेडएफ कंपनीच्या सहकार्याने निघालेला कारखाना मालमोटारींची आणि बसगाड्यांची स्टिअरिंगे तयार करू लागला. त्याची कंपनी 1981 मध्ये नोंदली गेली. म्हणजे इम्पीरियल मोटारीनंतर 30 वर्षांनी. तोवर, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, आपल्याकडील लाखो चालक भरलेली गाडी घाटात दोन्ही दंडांनी वळवीत होते. ओझ्याने दुखणारे खांदे त्यांचे होते. आणि रस्त्याची प्रत्येक कुजबुज ऐकू येणारे तळहातही त्यांचेच.