बांधकाम खात्याची शिडी

दहा-बारा वर्षे नोकरी झालेल्या इंजिनिअरला घरचे लोक, जुने वर्गमित्र आणि करिअरचे सल्लागार एकच गोष्ट विचारतात: हाताखाली किती माणसे आहेत? पंप, पूल किंवा प्रोग्रॅम यांतले त्याला आता किती अधिक कळते, हे सहसा कोणी विचारत नाही. तांत्रिक कामातून बाहेर पडून माणसे, बजेट आणि बैठका सांभाळू लागणे म्हणजेच पुढे जाणे, असे आपण धरून चालतो आणि हे खूळ अमेरिकेतल्या व्यवस्थापनशास्त्राने किंवा सॉफ्टवेअर कंपन्यांनी आणले असे मानतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्याचे मूळ बरेच जुने आहे. इंजिनिअरच्या प्रगतीचा हा नकाशा एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक बांधकाम खात्याने आखला. खात्याची सोय पाहून आखलेल्या त्या नकाशाला आपण इंजिनिअरच्या आयुष्याचा नकाशा समजून बसलो.

1854 साली डलहौसीच्या कारकिर्दीत जुन्या मिलिटरी बोर्डाकडची कामे काढून स्वतंत्र बांधकाम खाते उभे राहिले. त्याच वर्षी पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झाले. आजच्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची ती सुरुवात. हेतू उघड होता: रस्ते, कालवे, इमारती यांवर देखरेख करणारे दुय्यम नोकर तयार करायचे. 1866 मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्नता मिळाली, पुढे एल.सी.ई. ही पदवी आली, पण विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोरचे चित्र खात्याचेच राहिले. ओव्हरसिअर, असिस्टंट इंजिनिअर, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, सुपरिंटेंडिंग इंजिनिअर आणि सर्वांत वर चीफ इंजिनिअर. मुंबई इलाख्यात चीफ इंजिनिअर हाच खात्याचा सचिवही असे. या पायऱ्यांवर काम कसे बदलत जाते ते पाहावे. खालचा माणूस चुना, दगड आणि मजूर यांच्यात उभा. त्याच्या वरचा मोजमापे तपासतो आणि बिले पास करतो. आणखी वरचा अंदाजपत्रके मंजूर करतो, आणि सर्वांत वरचा टिपणांवर शेरे लिहितो. पगार, बंगला आणि मान मात्र नेमका उलट्या दिशेने वाढत जातो. खात्याच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. हजारो मैलांवरून राज्य चालवणाऱ्या सरकारला खर्चाचा हिशेब आणि शिस्त हवी होती. अडचण पुढे झाली, जेव्हा हीच रचना कर्तबगारीचे मोजमाप म्हणून घराघरांत पोहोचली.

या शिडीचा सर्वांत प्रसिद्ध प्रवासी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले, 1883 मध्ये एल.सी.ई.ला पहिले आले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. त्यांचे चरित्र आपण चढत्या पदांची कहाणी म्हणून वाचतो. पण त्यांची विद्या कशी वाढली ते पाहिले तर पदांचा क्रम दुय्यम ठरतो. नाशिक आणि खानदेशात उमेदवारीची वर्षे गेली. मग त्या वेळी मुंबई इलाख्यातच असलेल्या सिंधमध्ये, सक्करला, शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम मिळाले. पुढे पुण्याच्या बाजूला कालव्याच्या पाण्याची पाळीपाळीने वाटणी करणारी ब्लॉक पद्धत आली. 1898 मध्ये ते जपान पाहून आले. 1903 मध्ये खडकवासल्याच्या फाइफ तलावावर स्वयंचलित दरवाजे बसले आणि धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठू लागले. त्याच धर्तीचे दरवाजे पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही बसले. म्हणजे दर काही वर्षांनी एक नवा, आधी न सुटलेला प्रश्न त्यांच्या वाट्याला आला आणि तो स्वतः सोडवण्याइतकी मोकळीक मिळाली. ते पायऱ्या चढले हे खरे, पण शिकले ते एका प्रश्नावरून दुसऱ्यावर आडवे सरकत. 1908 मध्ये, पन्नाशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांनी नोकरी सोडली. वरची जागा एतद्देशीय माणसाला मिळण्याची आशा नव्हती. त्यानंतर पुराने उद्ध्वस्त झालेल्या हैदराबादचे काम आले, 1909 मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअरपद आणि 1912 मध्ये दिवाणपद.

इथे आक्षेप येईल की दोष शिडीचा नव्हता, गोऱ्या कातडीच्या राज्याचा होता. आक्षेपात तथ्य आहे. हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी इंग्लंडमध्ये कूपर्स हिलला 1871 ते 1906 या काळात स्वतंत्र कॉलेज चालवले गेले. 1892 मध्ये खात्याच्या सेवेची इम्पीरियल आणि प्रोव्हिन्शियल अशी फाळणी झाली, आणि इथल्या कॉलेजांतून निघालेले बहुतेक जण कमी पगाराच्या दुसऱ्या कप्प्यात पडले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचे रेखाटन शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची बढती एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली, म्हणून ते नोकरी सोडून बेळगावला गेले, ही गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. तरीही हा आक्षेप पुरा पडत नाही. 1947 नंतर गोरे साहेब गेले आणि शिडी जागच्या जागी राहिली. कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता: पाट्या मराठीत आल्या, कामाची वाटणी तीच. सेवाज्येष्ठतेची यादी आणि गोपनीय अहवाल यांनी वंशाची जागा घेतली. अन्याय कमी झाला, पण चांगला संकल्पक म्हणून नाव कमावलेल्या माणसाला संकल्पनाच करत राहून मानाने निवृत्त होता येईल अशी वाट काही निघाली नाही.

किर्लोस्करांच्या गोष्टीत बढती नाकारली जाण्याचा प्रसंग सगळे सांगतात, मला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर, मग 1910 मध्ये औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी. नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही समजूत हाताळणे, फाळ पुन्हापुन्हा ओतून पाहणे, मोडलेला भाग बदलता येईल अशी रचना करणे यांतून एक रेखाटनाचा शिक्षक कारखानदार झाला. त्याच माळावर शाळेत न टिकलेले अनंतराव फळणीकर कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. पदवी आणि पद ही दोन्ही मोजमापे तिथे लागू नव्हती. चालते यंत्र हेच प्रमाणपत्र होते.

यावर कोणी म्हणेल, विश्वेश्वरय्या आणि किर्लोस्कर हे अपवाद. नोकरी सोडून माळावर कारखाना काढा, हा सल्ला हप्ते भरणाऱ्या माणसाला देणे क्रूरपणाचे आहे. मान्य, आणि तसा सल्ला मी देतही नाही. सामान्य तंत्रज्ञाच्या वाढीचा इतिहास वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. 1920 मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था निघाली, 1935 मध्ये तिला राजसनद मिळाली, आणि तिच्या ए.एम.आय.ई. परीक्षेने नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांना पदवीच्या तोडीची दुसरी वाट दिली. दिवसा कारखाना, रात्री पुस्तके असा तो मार्ग होता. पण त्यातही एक गोम होती: ती परीक्षा बहुतेकांनी शिडीच्या वरच्या पायरीवर चढण्यासाठी दिली, आणि पास झालेला कुशल माणूस हत्यारांपासून दूर टेबलावर गेला. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. 1966 मध्ये ट्रक बनवणाऱ्या टेल्को कंपनीने पुण्याला कारखाना मांडायला घेतला, तेव्हा कंपनीच्या सुमंत मुळगावकरांनी ट्रकच्या आधी मशीन टूल विभाग आणि प्रशिक्षण केंद्र उभे केले. आधी हत्यारे बनवणारे हात तयार करायचे, गाड्या नंतर. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याने शिकाऊ उमेदवार ठेवणे बंधनकारक केले होते, पण कायद्यापुरती भरती करणे वेगळे आणि प्रशिक्षणाला कारखान्याचा पाया मानणे वेगळे. अशा कारखान्यात साधा फिटरसुद्धा वाढू शकतो, कारण त्याला शिकवणे हेच तिथे काम असते.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटचा. मोठी कामे कुणीतरी चालवायला हवीत, आणि तांत्रिक समज नसलेल्या प्रशासकापेक्षा इंजिनिअर प्रशासक बरा. हे खरेच आहे. कृष्णराजसागर नुसत्या गणितावर उभे राहिले नाही. पैसे, मंजुऱ्या आणि माणसे हाताळणारा कोणीतरी लागलाच. प्रश्न एवढाच की प्रशासन ही अनेक वाटांपैकी एक ठेवायची की एकमेव. ती एकमेव नसली तरी मोठे काम होते, याचा पुरावा मुंबईत ट्रॉम्बेलाच आहे. होमी भाभांनी उभ्या केलेल्या अणुऊर्जा संस्थेत 1957 पासून प्रशिक्षण शाळा सुरू झाली. तरुण इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ निवडायचे, वर्षभर शिकवायचे आणि तिथेच कामाला लावायचे. बढतीसाठी वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहायची नाही. माणसाच्या कामाचा दर्जा तपासायचा आणि तो चढला की त्याची श्रेणी चढवायची. आधी खुर्च्या मांडून माणसे बसवण्यापेक्षा माणसे पाहून कामाची रचना करावी, ही भाभांची धारणा. सरकारी संस्थेत, सरकारी पैशावर आणि लेखापरीक्षकांच्या नजरेखाली हे जमले. तेव्हा ‘सरकारी नियमांत बसत नाही’ ही सबब पुढे चालणार नाही. त्या पद्धतीतही रुसवेफुगवे आणि वशिल्याच्या तक्रारी असणारच, माणसांची संस्था आहे. पण रिॲक्टरचे काम सोडून फायली धरल्याशिवाय पगार वाढत नाही, ही सक्ती तिथे नव्हती.

1983 नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि इंजिनिअरांची संख्या अनेक पटींनी वाढली. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या कचेऱ्यांत पदनामे इंग्रजी आहेत, तरी पायऱ्यांची आखणी ओळखीची वाटते: पाचव्या-सहाव्या वर्षी लीड, दहाव्या वर्षी मॅनेजर. काही कंपन्यांनी निव्वळ तांत्रिक कामाची समांतर श्रेणी ठेवली आहे. पण ती कागदावर असणे आणि तिथे बसलेला माणूस मॅनेजरच्या बरोबरीने पगार घेणे, या दोन गोष्टी आहेत. म्हणून नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या तरुण इंजिनिअरने ‘मी मॅनेजर केव्हा होईन’ हे विचारण्याआधी आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत: तुमच्याकडचे सर्वांत अवघड तांत्रिक काम सध्या कोण करते, आणि त्याचे वय व पगाराची श्रेणी काय? उत्तर देताना समोरचे अधिकारी एकमेकांकडे पाहू लागले, तर दुसरीकडेही अर्ज करून ठेवावा.