एकदा, पण हक्काने : वादपत्र-दुरुस्तीच्या एका नियमाची कुळकथा

अमेरिकेच्या संघीय न्यायालयात दिवाणी दावा दाखल झाला की प्रतिवादी पुष्कळदा कैफियत देण्याआधी दावा फेटाळण्याचा अर्ज करतो. वादपत्रातली सगळी हकीकत खरी धरली तरी कायद्याने त्यावर दाद मिळू शकत नाही, असे त्याचे म्हणणे असते. हा अर्ज प्रलंबित असताना वादीने वादपत्रच दुरुस्त केले, तर अर्जाचे काय होते?

या अर्जाचा पूर्वज म्हणजे इंग्लिश कॉमन लॉमधला ‘डिमरर’. जुन्या काटेकोर पद्धतीत तो जुगारच होता. डिमरर घेणारा समोरच्याची हकीकत मान्य करून फक्त कायद्यावर लढे, आणि त्या एका मुद्द्यावर सगळा दावा निकालात निघू शके. मसुद्यातल्या चुकीपायी खरी तक्रार बुडावी, हा यातला मोठा अन्याय. डेव्हिड डडली फील्ड यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये १८४८ साली आलेल्या संहितेने वादपत्रे साध्या भाषेत आणली. संघीय इक्विटी न्यायालयांच्या १९१२ च्या नियमांतही प्रतिवादीचे उत्तर येण्यापूर्वी वादीला आपणहून दुरुस्ती करण्याची मुभा होती.

१९३८ साली संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम लागू झाले. डिमरर रद्द झाला आणि त्याच्या जागी नियम १२ खालचा अर्ज आला. नियम १५ ने वादीला एकदा, कोणाची परवानगी न घेता, दुरुस्तीचा हक्क दिला. मुदत मात्र कैफियत येईपर्यंत. (भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेत असा हक्क नाही, आदेश ६, नियम १७ खाली न्यायालयाची परवानगी लागते.) फट इथेच राहिली. फेटाळण्याचा अर्ज ही कैफियत नव्हे, त्यामुळे तो आला तरी हक्क शाबूत राही. दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद होऊन न्यायाधीश निकाल लिहायला बसावेत आणि त्याच सुमारास नवे वादपत्र यावे, असे घडू शके. सगळे श्रम वाया जात.

१ डिसेंबर २००९ पासून ही फट बुजली. आता अर्ज बजावल्यापासून २१ दिवसांत वादीने ठरवायचे : अर्जाला विरोध करायचा की त्यातल्या आक्षेपांनुसार वादपत्र सुधारायचे. समजा, फसवणुकीच्या दाव्यात खोटे कोण, कधी बोलले हे लिहिलेले नाही, म्हणून प्रतिवादीने २० मार्चला अर्ज बजावला. वादीला १० एप्रिलपर्यंत मुदत मिळते. त्याने ८ एप्रिलला नाव व तारीख घालून नवे वादपत्र दिले, तर प्रतिवादीला उत्तरासाठी सर्वसाधारणपणे २२ एप्रिलपर्यंत वेळ असतो. मुदत हुकली, तर प्रतिपक्षाची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागते. ती सढळपणे द्यावी, असे नियमच सांगतो. मात्र विनाकारण विलंब, दुष्ट हेतू किंवा दुरुस्ती करूनही दावा टिकणार नसणे, या कारणांनी ती नाकारता येते, हे ‘फोमन विरुद्ध डेव्हिस’ (१९६२) या निकालाने स्पष्ट केले.

नवे वादपत्र जुन्याची जागा पूर्णपणे घेते. ज्यावर अर्ज होता ते वादपत्रच उरत नाही, म्हणून अर्ज सहसा निरर्थक ठरवून निकाली काढतात आणि प्रतिवादी हवा तर नवा अर्ज करतो. पण हे यांत्रिक नाही. जुना दोष नव्यातही तसाच राहिला असेल, तर न्यायालय तोच अर्ज नव्या वादपत्रावरचा मानून निर्णय देऊ शकते, आणि ते योग्यच आहे. केवळ पानांवरची तारीख बदलली म्हणून प्रतिवादीला तेच पुन्हा लिहायला लावण्यात काही अर्थ नाही.

२००९ च्या शब्दरचनेतही एक खोच होती. दुरुस्तीच्या मुदती दोन : एक वादपत्र बजावल्यापासून, दुसरी अर्ज किंवा कैफियत बजावल्यापासून. त्यांतले ‘२१ दिवसांत’ हे अक्षरशः वाचले, तर वादपत्र बजावल्यानंतरची पहिली मुदत संपल्यावर अर्ज किंवा कैफियत येईपर्यंत मधल्या काळात हक्क लोपतो आणि मग पुन्हा उगवतो, असा विचित्र अर्थ निघे. २०२३ मध्ये तिथे ‘२१ दिवसांपेक्षा उशिरा नाही’ अशा अर्थाचे शब्द आले.

नवे वादपत्र जुन्याला किती पुसून टाकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ‘रॉयल कॅनिन विरुद्ध वुल्शलेगर’ खटल्यात एकमताने दाखवले. राज्य न्यायालयातून संघीय न्यायालयात वर्ग झालेल्या दाव्यातून वादीने संघीय कायद्यावरचे मुद्दे वगळले, तर उरलेल्या राज्य कायद्याच्या मुद्द्यांवरचा संघीय न्यायालयाचा अधिकारही संपतो आणि दावा राज्य न्यायालयात परत जातो, असा तो निकाल आहे.