इंदूरच्या महाराजांची ड्युसेनबर्ग : इंजिनाच्या श्वासाचा इतिहास

१/ इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या संग्रहात १९३६ सालची एक ड्युसेनबर्ग एसजे मोटार होती. तिचे इंजिन आणि सांगाडा अमेरिकेत घडले; वरचे अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने चढवले. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर जवळजवळ ३.९ मीटर, आणि बसायला जागा मात्र दोघांपुरती. मागील बाजू होडीच्या नाळेसारखी निमुळती. या मोटारीचे सौंदर्य अनेकांनी वर्णिले आहे. हा धागा तिच्या बॉनेटखालच्या हवेचा आहे.

२/ एसजे जातीच्या मोटारींची छायाचित्रे पाहिली की बॉनेटच्या कुशीतून बाहेर पडणाऱ्या चकचकीत, लवचीक धातुनळ्या प्रथम नजरेत भरतात. अनेकांना तो निव्वळ थाट वाटतो. मुळात त्या धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या होत. इंजिनाच्या बाजूला हवा कोंबणारे एक नवे यंत्र बसले, त्याने जागा व्यापली आणि धुराची वाट बॉनेटबाहेर काढावी लागली. पुढे हे यंत्र नसलेल्या मोटारींनाही गिऱ्हाइके हौसेने तशाच नळ्या लावून घेऊ लागली.

३/ हवा कोंबण्याची गरज का पडावी? पेट्रोल एकटे जळत नाही. वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळण्यासाठी सुमारे पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल अधिक ओतणे सोपे असते. तेवढी हवा आत आणणे अवघड. म्हणून इंजिनाचे बळ अखेर एकाच प्रश्नावर येऊन ठरते : नेमून दिलेल्या वेळात सिलिंडरमध्ये हवा किती जाते?

४/ ड्युसेनबर्गचे हिशेब पाहू. आठ सिलिंडरांचे इंजिन, एकूण आकारमान ६.९ लिटर. मिनिटाला ४,२०० फेरे होत असताना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ३५ वेळा हवा ओढतो. एका वेळी पिस्टन खाली जाण्यास मिळणारा अवधी सेकंदाचा १४०वा भाग. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरायचे म्हटले तर मिनिटाला १४,००० लिटरांहून अधिक हवा आत यायला हवी. प्रत्यक्षात तेवढी येत नाही. वाटेत अडथळे असतात.

५/ ही वाट म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र येतात. तेथून प्रत्येक सिलिंडरच्या दारापर्यंत ते मिश्रण नेणाऱ्या फाटेदार नळ्यांचा हा जुडगा. वरकरणी साधी ओतीव वस्तू. परंतु नळी अरुंद असली तर हवा अडते, फार रुंद असली तर हवेचा वेग मंदावून पेट्रोलचे थेंब भिंतींवर बसतात. वळण तीव्र असले तर प्रवाह भिंतीपासून सुटून भोवरे करतो. आठ सिलिंडरांची रांग असली की मधल्यांना एक वाटा आणि टोकाच्यांना दुसरा, असा भेदही होतो.

६/ कोकणच्या वाचकाला हे खाडीवरून चटकन उमगेल. रत्नागिरी जिल्ह्यात केळशीला भारजा नदी समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीच्या मुखातून वेगाने आत शिरते आणि आत पात्र पसरले की संथ होते. मुखाशी वाळू साचली तर भरती तेवढीच असूनही आत पाणी कमी येते. शिवाय बाहेर भरतीचा जोर ओसरू लागला, तरी एकदा आत निघालेले पाणी काही काळ आतच येत राहते.

७/ मॅनिफोल्डमधील हवाही अशीच वागते. तिला वजन आहे, म्हणून तिला गतीची खोड लागते. पिस्टन तळाशी पोहोचून वर फिरला, तरी नळीतली धावती हवा क्षणभर आत घुसतच राहते. व्हॉल्व्ह मिटला की तीच हवा त्यावर आदळते आणि दाबाची एक लाट उलट दिशेने जाऊन नळीच्या टोकावरून परतते. लाट परतण्याच्या वेळी व्हॉल्व्ह पुन्हा उघडलेला असेल, तर सिलिंडरला हवेचा जादा घास फुकट मिळतो. नळीची लांबी ठरवण्यामागे हे गणित असते.

८/ फ्रेड आणि ऑगस्ट ड्युसेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले बंधू. त्यांचे शिक्षण शर्यतीच्या मैदानावर झाले. १९२१ मध्ये त्यांच्या मोटारीने ल मां येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री जिंकली. १९२४ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्यांच्याच मोटारीने जिंकली, आणि तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच शक्तीवर अतिवेगाने फिरणारा पंखा. सिलिंडर हवा ओढील याची वाट न पाहता तो ती आत लोटतो.

९/ डिसेंबर १९२८ मध्ये ‘मॉडेल जे’ लोकांसमोर आली. कंपनीने सांगितलेली शक्ती २६५ अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, म्हणजे हवेला अधिक दारे. १९३२ मध्ये तिलाच सुपरचार्जर जोडून ‘एसजे’ निघाली आणि आकडा ३२० वर गेला. इंजिनाचे आकारमान तेच; वाढला तो श्वास. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रेड ड्युसेनबर्ग यांचा मोटार अपघातानंतर मृत्यू झाला. पुढचे काम ऑगस्ट यांच्याकडे आले.

१०/ या धाग्याचा खरा विषय येथे येतो. १९३५ मध्ये अब जेंकिन्स या चालकासाठी विक्रमाची एक खास मोटार बांधताना ऑगस्ट यांनी इंजिनाच्या हवामार्गाला हात घातला. एका कार्बोरेटरऐवजी दोन, आणि त्यांच्यासाठी मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे वळलेला नवा मॅनिफोल्ड. इंग्रजीत त्याचे नावच ‘रॅम्स हॉर्न’ पडले. त्या शिंगांची शक्ती सुमारे ४०० अश्वशक्ती सांगितली जाते.

११/ ऑगस्ट १९३५ मध्ये बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ही मोटार एक तास ताशी सरासरी १५२ मैलांनी (सुमारे २४५ किमी) धावली. २४ तासांची सरासरी १३५ मैलांच्या वर (सुमारे २१८ किमी) राहिली. तशाच मॅनिफोल्डच्या दोन आखूड मोटारी नट गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल यांच्याकडे गेल्या. २६५ ते ४०० या प्रवासात सिलिंडरांची संख्या वाढली नाही, की त्यांचा व्यासही वाढला नाही.

१२/ हा प्रवास पुरा होत असतानाच एसजे इंदूरच्या महाराजांकडे आली. यशवंतराव १९०८ चे. १९२६ मध्ये गादीवर आले, १९३० मध्ये पूर्ण अधिकार मिळाले. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, ब्रांकुशीची शिल्पे घेतली. त्या काळातील उत्तम ते ओळखण्याची नजर त्यांच्याकडे होती. ड्युसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. त्यामुळे होळकरांची मोटार तिच्या अखेरच्या मोटारींपैकी एक ठरली.

१३/ परंतु याच गादीवर, याच नावाचा एक पूर्वज वेगळ्या वाटेने गेला होता. पहिले यशवंतराव होळकर यांनी डिसेंबर १८०५ मध्ये इंग्रजांशी राजघाटचा तह केला आणि त्यानंतर भानपुरा येथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. यशवंतराव स्वतः भट्टीपाशी उभे राहून ओतकाम पाहत, अशी नोंद जॉन माल्कमने केली आहे. विकत घेतलेल्या तोफेवर युद्ध लढता येते, पण तोफ घडवण्याची विद्या घरी असावी लागते, हे त्यांना कळले होते. १८११ मध्ये भानपुऱ्यातच त्यांचे निधन झाले.

१४/ डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई हरली. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकर इंग्रजांचे मांडलिक बनले. पुढच्या पिढ्यांजवळ संपत्ती राहिली, शस्त्रे घडवण्याचे स्वातंत्र्य राहिले नाही. म्हणून दुसऱ्या यशवंतरावांना केवळ चैनीचे दूषण देऊन भागत नाही. ओतशाळेपासून मोटारीच्या दालनापर्यंतचे हे अंतर एका माणसाच्या स्वभावाने पडलेले नाही. ते एका तहाने पडलेले आहे.

१५/ याच तिशीच्या दशकात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना मांडत होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी संधान बांधले. परकीय सरकारने युद्धकाळात साथ दिली नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारींची जुळणी सुरू झाली.

१६/ पुढे १९६० मध्ये याच क्रायस्लरने आपल्या ‘३०० एफ’ मोटारीला सुमारे ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर लांबीच्या हवानळ्या बसवल्या. सुपरचार्जर नव्हता. परतणाऱ्या लाटेचे गणित (पोस्ट ७ पाहावी) एवढ्याच आधारावर मधल्या वेगांत इंजिनाला जोर मिळाला. कुर्ल्यात मात्र फियाटच्या आराखड्यावरून १,०८९ सीसीची, एका कार्बोरेटरची मोटार वर्षानुवर्षे निघत राहिली. पुढे ती प्रीमियर पद्मिनी म्हणून घराघरात पोहोचली. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाईक रांगेत उभे होते. इंजिनाचा श्वास सुधारण्याची निकड कोणाला असणार?

१७/ तरीही विद्या हळूहळू येथे रुजली. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात उभी राहिली. १९६६ मध्ये पुण्यातच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली. मोटार नुसती जोडायची नसते, ती मोजायचीही असते, ही जाणीव त्यामागे होती. आत किती हवा गेली आणि बाहेर काय आले, हे मोजता आल्याखेरीज मॅनिफोल्डचे एक वळणही खात्रीने बदलता येत नाही.

१८/ आज पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धांसाठी शर्यतीच्या छोट्या मोटारी बांधतात. नियम असा की पेट्रोल इंजिनाची सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून जायला हवी. त्या अरुंद जागी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की त्यापुढे कितीही ओढले तरी अधिक हवा येत नाही. मग छिद्राच्या पुढचा उतार किती अंशांचा, हवेची पेटी किती मोठी, नळ्या किती लांब, यावर रात्री जागवल्या जातात.

१९/ होळकरांची ड्युसेनबर्ग पुढे अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली. ती येथे राहिली असती तर आनंदच होता. पण ती गेल्याने आपले जे गेले, ते तिच्या येण्यानेही कधी आपले झाले नव्हते. ऑगस्ट ड्युसेनबर्ग यांच्या हाताला जे कळले होते, ते मोटारीबरोबर जहाजातून येण्यासारखे नव्हते. मोजून, बिघडवून आणि पुन्हा ओतूनच ते शिकावे लागते. भानपुऱ्याच्या भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या पहिल्या यशवंतरावांना हे सांगावे लागले नसते.