रक्त चढवायचं, पण कोणतं?

अपघात विभागाबाहेर कधी ताटकळत बसायची वेळ आली असेल, तर अशी चिठ्ठी तुमच्या हातात पडली असेल: 'पीसीव्ही ४, एफएफपी ४, प्लेटलेट ४.' नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात आणि परत येऊन हमखास विचारतात, "डॉक्टर, रक्त तर आणलं. आता हे पिवळं पाणी आणखी कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर द्यायला आम्हा डॉक्टरांनाही कित्येक दशकं लागली आणि ते अजून पुरतं सापडलेलं नाही. ती गोष्ट आज सांगतो.

जखमेतून रक्त वाहून जातं तेव्हा दोन गोष्टी एकदम जातात. एक, प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी. दुसरी, वाहणारं रक्त थांबवणारं सामान, म्हणजे प्लेटलेट्स आणि प्लाझ्मातली गोठणारी प्रथिनं. टाकीला भोक पडलंय आणि तुम्ही वरून बादल्या ओतताय, पण भोक बुजवायचा लांबीचा गोळाही त्याच भोकातून वाहून चाललाय, असा हा पेच असतो.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट शोधले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ऑस्वल्ड रॉबर्टसन या डॉक्टरने ब्रिटिश सैन्यासाठी काचेच्या बाटल्यांत रक्त साठवून ठेवायची सोय केली. त्या काळी जखमी सैनिकाला अख्खं रक्त मिळायचं. तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा सगळं एकाच बाटलीत, त्यामुळे वेगळा विचार करायची गरजच नव्हती.

१९५० च्या सुमारास कार्ल वॉल्टर यांनी प्लास्टिकची रक्तपिशवी आणली आणि एका दात्याचं रक्त वेगळं करून तीन रुग्णांना देता येऊ लागलं. ॲनिमियाच्या रुग्णाला तांबड्या पेशी, डेंग्यूत रक्तस्राव होत असलेल्याला प्लेटलेट्स, जळालेल्याला प्लाझ्मा. रक्ताच्या टंचाईत हे वरदानच, त्यात वाद नाही. पण वाहत्या जखमेच्या रुग्णाच्या वाट्याला आता निव्वळ तांबड्या पेशींची पिशवी येऊ लागली, ज्यात गोठवणारं सामान नावापुरतंच. सोबत भरपूर सलाईन. जखमी रुग्ण आला की आधी दोन लिटर सलाईन धडाधड सोडायचं, असं आम्हाला शिकवलं गेलं आणि आम्ही ते निष्ठेने केलं. रक्तदाब वर यायचा, नातेवाईकांना धीर वाटायचा, आणि थोड्या वेळाने टाक्यांतून, सलाईनच्या सुया टोचल्या तिथून, नाकातून, सगळीकडून पातळ गुलाबी रक्त झिरपू लागायचं.

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या सर्जननी १९८२ मध्ये याला 'रक्ताचं दुष्टचक्र' म्हटलं. शरीर थंड पडतं, रक्तात आम्ल वाढतं, गोठणं बिघडतं, म्हणून आणखी रक्त जातं आणि शरीर आणखी थंड पडतं. पण तोवर सगळ्यांची समजूत अशी होती की गोठणं नंतर बिघडतं, बहुतांशी आमच्याच सलाईनमुळे रक्त पातळ होऊन.

ही समजूत २००३ मध्ये हलली. लंडनमधले सर्जन करीम ब्रोही आणि सहकाऱ्यांनी हजारावर जखमींच्या, रुग्णालयात पोहोचताक्षणी घेतलेल्या रक्ताच्या तपासण्या पाहिल्या. दर चौघांतल्या एकाचं गोठणं दारात येतानाच बिघडलेलं होतं, तेही फारसं सलाईन न देता! त्या गटातले ४६ टक्के रुग्ण दगावले, बाकीच्यांतले सुमारे ११ टक्के. म्हणजे मोठी इजा आणि शॉक हे दोन्ही मिळूनच रक्ताची गोठण्याची यंत्रणा बिघडवतात. सलाईन त्यात फक्त भर घालतं.

मग इराक युद्ध आलं. बगदादमधल्या अमेरिकन लष्करी रुग्णालयातल्या २४६ जखमींच्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ज्यांना तांबड्या पेशींच्या मानाने फार कमी प्लाझ्मा मिळाला त्यांच्यातले ६५ टक्के दगावले, ज्यांना जवळजवळ बरोबरीने मिळाला त्यांच्यातले १९ टक्के. आकडे डोळे दिपवणारे, पण इथे एक मेख आहे. प्लाझ्मा गोठवलेला असतो, तो वितळवायला वेळ लागतो. जो पहिल्या अर्ध्या तासातच गेला त्याला प्लाझ्मा मिळणार कसा? तो आपोआप 'कमी प्लाझ्मा' गटात पडला. म्हणून पुढे ६८० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१५ मध्ये उत्तर आलं: पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट सारख्या प्रमाणात दिल्याने रक्तस्रावाने होणारे सुरुवातीचे मृत्यू कमी झाले, पण महिनाभरानंतरच्या एकूण मृत्यूंत निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही.

तुमच्या हातातल्या चिठ्ठीवरचे ते सारखे आकडे इथून आले.

पण सारखं प्रमाण म्हणजे सरसकट सगळ्यांना एकच काढा. या रुग्णाला नेमकं काय कमी पडतंय, हे बघून द्यायला नको का? त्यासाठी आमच्याकडे पीटी नावाची तपासणी होती. आर्मंड क्विक यांनी ती १९३५ मध्ये आणली. कावीळ आणि यकृताच्या आजारांत, पुढे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांत ती उत्तम चालते (आयएनआर करून घेणाऱ्यांना ती ठाऊक आहेच). पण त्यात रक्त फिरवून पेशी काढून टाकतात, उरलेल्या प्लाझ्मात गोठण्याचा पहिला धागा दिसला की घड्याळ थांबतं. गुठळी पुढे घट्ट झाली का, टिकली का, की लगेच विरघळली, हे कळतच नाही. शिवाय रिपोर्ट हाती येईतो पाऊण तास गेलेला, आणि तेवढ्या वेळात रुग्णाच्या अंगातलं रक्तच बदललेलं!

गंमत म्हणजे हवी होती ती तपासणी १९४८ पासून जगात होती. जर्मनीत हायडलबर्गच्या हेल्मुट हार्टर्ट यांनी एक छोटी वाटी घेतली, ३७ अंशांवर ठेवली, त्यात थोडंसं रक्त घातलं. वाटी सावकाश डावी-उजवीकडे झुलते आणि रक्तात वरून एक दांडी लोंबती सोडलेली असते. रक्त पातळ असेतो दांडी जागची हलत नाही. गुठळी धरू लागली की दांडी वाटीबरोबर ओढली जाते. हीच हालचाल कागदावर उमटते: आधी एक सरळ रेघ, मग चिमट्याची पाती उघडावीत तशा दोन रेघा. या तपासणीचं नाव थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफी, थोडक्यात टेग.

त्या आकृतीवरून काय कळतं बघा. सरळ रेघ फार लांबली, तर गोठणं सुरूच होत नाहीये, प्लाझ्मा हवा. पाती हळूहळू उघडतायत, तर फायब्रिनोजेन कमी, म्हणजे क्रायो हवं. पुरेशी रुंद उघडली नाहीत, तर बहुधा प्लेटलेट्स. आणि उघडलेली पाती पुन्हा मिटून आकृती सूतकताईच्या चातीसारखी झाली, तर गुठळी धरून विरघळतेय, तिथे ट्रानेक्सॅमिक ॲसिड. सुरुवातीचा अंदाज काही मिनिटांतच येतो.

हे ऐकायला फार आधुनिक वाटतं, पण ग्रामीण रुग्णालयात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला ओळखीचं वाटेल. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त आम्ही कोरड्या काचनळीत घेऊन वीस मिनिटं हात न लावता ठेवतो आणि मग नळी तिरकी करतो. रक्त ओघळलं तर विष गोठण्यावर उतरलंय. तत्त्व एकच: अख्खं रक्त घ्या आणि ते गोठताना प्रत्यक्ष बघा.

मग हे यंत्र इतकी वर्षं अडगळीत का? नाजूक होतं, टेबलाला धक्का लागला तरी रेघ बिघडायची, वाचणाराही तयारीचा लागायचा. ते बाहेर काढलं यकृतरोपण करणाऱ्यांनी. डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये जगातलं पहिलं यकृतरोपण केलं. तीन वर्षांचं ते मूल टेबलावरच रक्तस्रावाने गेलं. यकृतच गोठवणारी प्रथिनं बनवतं, त्यामुळे या शस्त्रक्रियेत रक्त आवरणं महाकठीण. स्टार्झल यांच्या चमूने साठच्या दशकातच टेग वापरून पाहिलं. पुढे पिट्सबर्गमध्ये भूलतज्ज्ञ यू गू कांग यांनी ६६ रोपणांत टेग बघून रक्तघटक दिले. त्यांच्या १९८५ च्या अहवालानुसार रक्त आणि द्रव मिळून गरज सुमारे एक तृतीयांशाने घटली.

जखमी रुग्णांसाठी ते पुन्हा डेन्व्हरलाच आलं. तिथे १११ गंभीर जखमींवर चाचणी झाली, अर्ध्यांत टेग बघून रक्तघटक, अर्ध्यांत पीटीसारख्या नेहमीच्या तपासण्या बघून. २०१६ मध्ये निकाल आला: टेग गटात ५६ पैकी ११ मृत्यू, दुसऱ्या गटात ५५ पैकी २०. तांबड्या पेशी दोघांना सारख्याच लागल्या, पण पहिल्या दोन तासांत प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स टेग गटाला कमी पुरल्या.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. २०२१ मध्ये युरोपातल्या सात केंद्रांतल्या ३९६ रुग्णांचा अभ्यास आला. २४ तासांनी जिवंत आणि प्रचंड रक्त न लागलेले रुग्ण: या नव्या पद्धतीने ६७ टक्के, जुन्या तपासण्यांनी ६४ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. माझं मत विचाराल तर दोन्ही निकाल खरे आहेत. युरोपातल्या त्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचं गोठणं मुळात बिघडलेलंच नव्हतं, आणि दोन्ही गटांना आधीपासून चांगल्या प्रमाणात प्लाझ्मा मिळत होता. जिथे पाया पक्का आहे तिथे यंत्राने फार भर पडत नाही.

आपल्याकडे टेग मोठ्या शहरांतल्या थोड्या रुग्णालयांत आहे, आणि तिथेही बहुधा यकृतरोपण किंवा हृदयशस्त्रक्रियेसाठी घेतलेलं. तुमच्या तालुक्यात ते नसेल, म्हणून जीव वाचणार नाही असं समजू नका. ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या २० हजारांवर जखमींच्या जागतिक चाचणीत भारतातली रुग्णालयंही होती. त्या स्वस्त इंजेक्शनाने मृत्यू १६ वरून १४.५ टक्क्यांवर आले. मात्र ते तीन तासांच्या आत हवं, उशिरा दिलं तर अपायही होऊ शकतो. म्हणून अपघात किती वाजता झाला, ही वेळ आम्हाला आल्याआल्या सांगा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पुन्हा पुन्हा उचलून बघू नका. रुग्णाला पांघरूण घाला, थंड शरीरात रक्त गोठत नाही.

आणि ती चिठ्ठी हातात पडली की 'एफएफपी' लिहिलंय ते रक्तपेढीत सगळ्यात आधी सांगा. तांबड्या पेशी फ्रिजमधून निघतात, रक्त जुळवून हाती येतात. प्लाझ्मा मात्र बर्फासारखा कडक असतो, तो वितळायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो.