चिपळूण : पूरनिवारणातील लोकसहभाग

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहरात वाशिष्ठी व शिव या नद्यांच्या पुराची झळ कमी व्हावी म्हणून २०२१ च्या महापुरानंतर नागरिकांनी उभारलेली चळवळ आणि तिच्या रेट्यामुळे झालेला गाळउपसा.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात घाटमाथ्यावरचे पाणी काही तासांत उतरते. वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते, त्यामुळे भरतीच्या वेळी पुराच्या पाण्याला वाट उरत नाही. कोयना प्रकल्पातील वीजनिर्मितीनंतरचे अवजलही याच नदीत येते. वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने पात्र उथळ झाले व ठिकठिकाणी बेटे तयार झाली. २६ जुलै २००५ रोजी शहर बुडाले होते. २२ जुलै २०२१ चा पूर त्याहून भयंकर ठरला. बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचेही नुकसान झाले.

घरे-दुकाने चिखलातून बाहेर काढल्यावर व्यापारी, रहिवासी व विविध पक्षांचे कार्यकर्ते ‘चिपळूण बचाव समिती’त एकत्र आले. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेले त्यांचे साखळी उपोषण जवळपास महिनाभर चालले. नद्यांतला गाळ काढा, ही मुख्य मागणी होती. त्यानंतर जलसंपदा विभागाने वाशिष्ठीतील उपशाला वेग दिला. शिव नदीसाठी नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांच्या नाम फाउंडेशनने यंत्रसामग्री पुरवली. नदी कुठे अडते, पाणी आधी कोणत्या गल्लीत शिरते, हे काठावरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. ती माहिती सरकारी नियोजनात यायला उपोषण करावे लागले, ही खेदाची गोष्ट आहे.

समितीने निळ्या व लाल पूररेषांनाही विरोध केला. निळी रेषा २५ वर्षांतून, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द दाखवते आणि या रेषांच्या आत बांधकामावर निर्बंध येतात. जुन्या शहराचा मोठा भाग या रेषांत अडकत असल्याने घरमालकांची धास्ती समजण्यासारखी आहे. तरी पाण्याची जागा नकाशावरून पुसून पूर ओसरत नाही. या मुद्द्यावर चळवळीची भूमिका दुबळी आहे.

काढलेला गाळ काठावरच राहिला तर पुढच्या पावसात तो पुन्हा पात्रात येतो. डोंगरउतारावरची झीज थांबेपर्यंत दर उन्हाळ्यात उपसा करावाच लागेल आणि त्यावर नागरिकांची नजरही हवी.