दुसरा सिकंदर आणि दिल्लीचा कोतवाल

अलाउद्दीन खिलजीचे नाव निघाले की आपल्याकडे पद्मावतीची नाही तर देवगिरीच्या लुटीची चर्चा सुरू होते. मला त्याच्या दरबारातला एक संवाद अधिक महत्त्वाचा वाटतो. झियाउद्दीन बरनीने तो 'तारीख-ए-फिरोजशाही'त नोंदवला आहे.

1296 मध्ये रामदेवराव यादवाकडून अमाप संपत्ती घेऊन अलाउद्दीन परतला. चुलता आणि सासरा असलेल्या सुलतान जलालुद्दीनला त्याने ठार करवले आणि देवगिरीच्या सोन्याच्या जोरावर दिल्लीची गादी मिळवली. पुढची दोन-तीन वर्षे यशामागून यश आले आणि त्याच्या डोक्यात हवा गेली. दारूच्या बैठकीत तो म्हणू लागला, पैगंबरांना चार साथीदार होते, तसे मलाही उलुगखान, नुसरतखान, जफरखान आणि अल्पखान आहेत. त्यांच्या बळावर मी नवा धर्म काढीन. शिवाय सिकंदरासारखे जग जिंकायला निघेन. बैठकीतले लोक माना डोलवत.

दिल्लीचा कोतवाल अलाउल्मुल्क अतिशय लठ्ठ होता, त्यामुळे महिन्यातून एकदाच दरबारात येई. सुलतानाने त्याचे मत विचारले. त्याने आधी दारू हटवायला लावली आणि त्या चौघांखेरीज सर्वांना बाहेर पाठवायला सांगितले. मग म्हणाला, धर्म अल्लाहच्या वहीने येतो, बादशहाच्या मसलतीने नाही. सिकंदराकडे अरस्तूसारखा वजीर होता. तुमच्या मागे दिल्ली कोण सांभाळील? आधी रणथंबोर, चितोड घ्या, मंगोलांची वाट अडवा, दारू कमी करा.

बरनी या कोतवालाचा पुतण्या. चुलत्याचे शब्द त्याने थोडे सजवले असतील. पण पुढे घडले ते तसेच. 'दुसरा सिकंदर' ही पदवी नाण्यांवर राहिली, नव्या धर्माचा विषय मिटला आणि 1301 मध्ये रणथंबोर, 1303 मध्ये चितोड पडले. कोतवालाला शिक्षा नव्हे, इनाम मिळाले.

शेवटच्या काळात सुलतानाजवळ असा माणूस उरला नव्हता. तो मलिक काफूरच्या सल्ल्याने चालू लागला, मुलगा खिज्रखान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. 1316 मध्ये सुलतान वारला आणि चार वर्षांत त्याचे घराणे संपले.

मशिदीच्या कमिटीपासून मंत्रालयापर्यंत स्वतःला सिकंदर समजणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांना हसणे सोपे आहे. पण त्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणणाऱ्याच्या पाठीशी आपल्यापैकी किती जण उभे राहतात, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.