घरची माणसं समोर बसवा

अमेरिकेतल्या सनीव्हेलमध्ये मी मराठी मुलांना चित्रकला शिकवते. चौथी-पाचवीपर्यंत घर, झाड, मांजर मजेत काढणाऱ्या मुलांना आठवीत चेहरा काढायची ओढ लागते. मग फोनवरचा फोटो समोर येतो. अशा वेळी मी त्यांना माझ्या गावच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांबद्दल सांगते.

हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले. लाकडी खेळणी आणि गंजिफाचे पत्ते रंगवणाऱ्या चिताऱ्यांचं हे गाव. लहानपणापासून त्यांना चित्रांचा नाद. शाळेच्या मुख्याध्यापकांनी या मुलाचा हात ओळखला आणि संस्थानच्या राजांकडे शब्द टाकला. त्या दोघांच्या पाठबळावर १९०३ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे म. वि. धुरंधरांसारखे शिक्षक लाभले. शिक्षणाचा क्रम ठरलेला होता: आधी प्लास्टरचे पुतळे बघून छायाप्रकाशाचा अभ्यास, मग समोर बसलेलं जिवंत माणूस. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. १९१८ साली ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’च्या स्थापनेतही ते होते.

त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे हातातल्या दिव्यावर तळहाताचा आडोसा धरून उभी असलेली स्त्री. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते लोक डोळे भरून बघतात आणि बरेचजण राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४०च्या दशकातलं, आणि तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड मागाहून लावता येत नाही, कागदाचा पांढरेपणा पहिल्यापासून राखावा लागतो. बोटांमधून झिरपणारा तो प्रकाश साधायला हात किती मुरलेला हवा, हे ज्याने ब्रश धरलाय त्याला कळेल. आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी, गीता.

साठ वर्षांनी, २००६ साली, अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड पुरस्कार मुंबईच्या वासुदेव कामतांना मिळाला. चित्र होतं त्यांच्या पत्नीचं.

दोन्ही चित्रांत घरचं माणूस आहे, याला माझ्या मते अर्थ आहे. चेहऱ्याची ठेवण फोटोतूनही उतरवता येते; पण मान किंचित वळली की गालावरची सावली कशी सरकते, हे समोरचं माणूसच शिकवतं. त्यासाठी आपल्याकरता स्वस्थ बसून राहील असं कुणीतरी लागतं.

म्हणून इथल्या आईबाबांना माझं सांगणं आहे. महागडे रंग नंतर आणा. भारतातून आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवा आणि मुलाच्या हाती पेन्सिल द्या. चित्र हुबेहूब आलं नाही तरी चालेल. सावंतवाडीच्या मुलामागे मुख्याध्यापक आणि राजे उभे राहिले; तुमच्या मुलासाठी तुम्ही अर्धा तास बसा.